फोर्तुनातोची वही

लिमाच्या आभाळाला इथली माणसं गाढवाचं पोट म्हणतात.
त्या पोटाखाली, आबांकाय रस्त्याच्या कोपऱ्यावर,
पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी
मी महापालिकेचं जाकीट घालून उभी.
हातात टॅबलेट, टॅबलेटात प्रश्नावली:
कुठून निघालात, कुठे निघालात, कशासाठी.
काम. शिक्षण. आरोग्य. इतर.

शाश्वत नागरी वाहतूक आराखडा.
माझ्याच तोंडात हे नाव नीट मावत नाही.
कॉम्बीचा कंडक्टर मात्र दाराला लोंबकळत
अख्खा मार्ग एका दमात ओरडतो
आणि बायका चालत्या गाडीत बरोब्बर चढतात.

फोर्तुनातो याउरी माझ्याआधीच आलेला असतो.
उपडा क्रेट, लोकरीची कानटोपी, पेन्सिलीचं थोटूक.
गेलेल्या प्रत्येक कॉम्बीची वेळ तो वहीत टिपतो
आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला विकतो:
"पुढची चार मिनिटं, भरलेली! त्याच्या पुढची सात, रिकामी!"
खिडकीतून नाणं उडतं, तो न बघता झेलतो.
आकडा ऐकून कुणी रेंगाळतो, कुणी सुसाट सुटतो,
आणि मागच्या बाकावरच्या आजीचे बटाटे
गाडीभर.

एउदोसियाला मी विचारलं, आज किती प्रवास?
ती म्हणाली, लिही.
टेकडीच्या तीनशे बारा पायऱ्या, पाठीवर पोरगी.
शाळा. शाळेतून सासूची औषधं.
औषधं घेऊन परत वर, कारण सासू खाली येत नाही.
मग पुन्हा खाली, काढ्याच्या गाडीवर.
"ही एक फेरी धरायची की पाच?"
पायऱ्यांना मार्ग क्रमांक नसतो.
मी 'इतर' दाबलं.
टॅबलेटनं हिरवी खूण दिली,
जणू काही कळलं त्याला.

फोर्तुनातोला विचारलं, तुम्ही कुठे जाता?
"मी? मी इथेच असतो. जातात ते बाकीचे."
मग त्यानं पोतं उघडलं.
अकरा वर्षांच्या वह्या, कोपरे कुरतडलेले,
संपाचा दिवस, फायनलचा दिवस,
धुक्याच्या झिमझिमीत बावीस मिनिटं रिकामा राहिलेला रस्ता.
आमच्या सल्लागारांनी दीड वर्षात
यातल्या एका मार्चइतकंही जमवलेलं नव्हतं.

सातव्या मजल्यावर सेवायोस इंजिनियरनं
भिंतीवर लाल रेघ ओढली.
प्रत्येक बसवर यंत्र बसेल, दर सहा मिनिटांनी गाडी येईल,
शर्यत नाही, म्हणून मिनिटं विकणारा नाही.
मी मान डोलावली. मनापासून.
दोन कॉम्बींच्या शर्यतीत माझ्या भावाचा पाय गेलाय.
ती लाल रेघ मला हवीच आहे.
तरी घरी आल्यावर मसुद्याचं पान एकशे चाळीस उघडून
परिशिष्टात, बारीक टायपात, मी एक ओळ घातली:
आबांकाय कोपरा, वेळनोंद, स्रोत: फो. याउरी.
दुसऱ्या मसुद्यात 'स्रोत: क्षेत्रीय पाहणी' झालं.
तिसऱ्यात मी परत लिहिलं.
चौथा अजून आलेला नाही.

हे सगळं त्याला सांगायचं होतं. काल सांगितलं.
त्यानं पेन्सिल थुंकीनं ओली केली.
"यंत्र आलं तर येऊ दे," म्हणाला,
"पण ते सांगेल का, गाडी भरलेली आहे
की नुसती वेळेवर आहे?"

आज मला उशीर झालेला.
कॉम्बीत दाराशी, एका पायावर उभी.
कोपऱ्यावर त्यानं मान वर केली,
मला ओळखलं की नाही, कोण जाणे.
वहीत काहीतरी टिपलं.
मागच्या गाडीला आता तो सांगत असेल:
पुढची तीन मिनिटं, भरलेली.